पृथ्वीचं वय आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय : इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची उपासना हिंदीत, घरातलं बायबल मराठी आणि मुलांची विज्ञानाची पुस्तकं इंग्रजी. त्यामुळे एकच प्रश्न माझ्याकडे तीन भाषांतून येतो. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, निवृत्तीनंतर तरुणांचा बायबल वर्ग घेते. दोन्हीकडची माणसं मला आपली समजतात आणि दोन्हीकडची थोडी संशयानेही बघतात. उपासना सुटल्यावर पोह्यांच्या बशीबरोबर जे विचारलं जातं तेच इथे आठवेल तसं लिहिलं आहे.

बायबलमध्ये पृथ्वीचं वय किती लिहिलंय?

कुठेच लिहिलेलं नाही. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत बोट फिरवा, आकडा सापडणार नाही. 'सहा हजार वर्षं' हे बेरजेचं उत्तर आहे. उत्पत्तीच्या पाचव्या आणि अकराव्या अध्यायांत वंशावळी आहेत. आदाम १३० वर्षांचा असताना शेथ झाला, शेथ १०५ वर्षांचा असताना अनोश झाला, असं जोडत जायचं आणि पुढे राजांच्या कारकिर्दी मिळवायच्या. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये ही बेरीज छापली आणि जगाचा आरंभ इ.स.पू. ४००४ च्या २३ ऑक्टोबरला, म्हणजे आदल्या संध्याकाळपासून, धरला. माणूस मोठा विद्वान होता. त्याची टिंगल करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याच्या निम्म्या भाषा येत असतील.

घोळ घातला छापखान्याने. १७०१ पासून इंग्रजी बायबलांच्या समासात अशरची सालं छापली जाऊ लागली आणि समासातलं लिखाण हळूहळू वचनासारखं वाचलं गेलं. माझे आजोबा नगरकडून इंदूरला आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत असंच एक जाडजूड इंग्रजी बायबल होतं. उत्पत्तीच्या पहिल्या पानावर बारीक टाइपात ४००४, आणि त्याखाली आजोबांनी निळ्या पेन्सिलीने ओढलेली रेघ. 'प्रारंभी' या शब्दाखाली रेघ नाही.

हीच बेरीज यहुदी पंचांगात इ.स.पू. ३७६१ येते. जुन्या ग्रीक भाषांतरावरून केली तर ५५०० च्या आसपास जाते, कारण तिथे बऱ्याच पूर्वजांची मूल होतानाची वयं शंभर-शंभर वर्षांनी जास्त आहेत. शिवाय वंशावळीत पिढ्या गाळण्याची रीतच होती. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात योरामानंतर थेट उज्जीया येतो, मधले अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे गायब. आपल्याकडचे कुलवृत्तांत चाळलेत कधी? 'मूळ पुरुष' आणि पणजोबा यांच्यामध्ये किती पिढ्या गिळलेल्या असतात ते बघा. म्हणून कुणी कुळाला खोटं म्हणत नाही.

मग सहा दिवस म्हणजे नेमके किती?

हिब्रूत शब्द आहे 'योम'. आपल्या 'दिवस'इतकाच लवचिक. सुनेला दिवस गेलेत म्हणतो तेव्हा नऊ महिन्यांचा हिशोब असतो, आजोबांच्या दिवसांत म्हणतो तेव्हा पन्नास वर्षांचा. उत्पत्ति २:४ मध्ये सगळ्या निर्मितीसाठी मिळून हाच योम एकवचनात आलाय. सातव्या दिवसाला तर 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली' हे पालुपदच नाही, म्हणजे तो संपल्याचं लिहिलेलंच नाही. त्यात स्तोत्र ९० आणि पेत्राचं दुसरं पत्र घातलं, हजार वर्षं देवाला एका दिवसासारखी, की 'एक दिवस म्हणजे एक युग' हे समीकरण तयार. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे ह्यू मिलर यांनी ते लोकप्रिय केलं. गवंडीकाम करता करता भूवैज्ञानिक झालेला माणूस, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल विशेष जिव्हाळा.

मीही वर्गात बरीच वर्षं हेच सांगायचे. एका रविवारी अकरावीतल्या एका मुलीने फळ्यावर दोन रांगा लिहिल्या. डावीकडे उत्पत्तीतला क्रम: तिसऱ्या दिवशी फळझाडं, चौथ्या दिवशी सूर्य, पाचव्या दिवशी पक्षी, सहाव्या दिवशी जमिनीवरची जनावरं. उजवीकडे खडकांतला क्रम: सूर्य सगळ्यांच्या आधी, पक्षी जमिनीवरच्या जनावरांच्या कितीतरी नंतर. "मावशी, दिवस लांबवले तरी क्रम कसा बदलणार?" खडू माझ्या हातात तसाच राहिला. ती युक्ती मी त्या दिवशी सोडली.

आता मी अध्यायाची वीण दाखवते. पहिल्या तीन दिवसांत जागा होतात: उजेड आणि अंधार, वर आकाश आणि खाली पाणी, मग कोरडी जमीन. पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमाने त्या जागी राहायला येणारे: चौथ्या दिवशी ज्योती, पाचव्या दिवशी पक्षी आणि मासे, सहाव्या दिवशी जनावरं आणि माणूस. आधी घर, मग बिऱ्हाड. मेरेडिथ क्लाइन या अमेरिकन अभ्यासकाने १९५८ मध्ये हा मुद्दा नेटाने मांडला. पण सूर्याआधी संध्याकाळ-सकाळ कशी, हा प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडितानेच विचारला होता. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टिनने तर सगळं एकाच क्षणी निर्माण झालं आणि 'दिवस' ही समजावण्याची रीत आहे असं मानलं. डार्विनला जन्मायला अजून चौदाशे वर्षं होती, तेव्हा 'विज्ञानाला घाबरून अर्थ फिरवला' असं या दोघांबद्दल म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना हमखास आवडते. त्या अध्यायात सूर्य-चंद्राची नावंच नाहीत, 'मोठी ज्योती' आणि 'लहान ज्योती' एवढंच. शेजारपाजारची राष्ट्रं त्यांना देव मानून पुजत होती, इथे ते दिव्यासारखे टांगले आहेत. अध्यायाचं भांडण त्या पूजेशी होतं. खडकाच्या वयाशी भांडायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं.

पहिल्या आणि दुसऱ्या वचनाच्या मध्ये कोट्यवधी वर्षं गेली असतील, असं ऐकलंय.

स्कॉटलंडच्या थॉमस चाल्मर्स यांनी १८१४ मध्ये ही वाट काढली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या तळटिपांतून ती घरोघरी गेली. मला पटत नाही. दोन वचनांमधल्या कोऱ्या जागेवर एवढं ओझं ठेवू नये.

दगडाचं वय शास्त्रज्ञांना कळतं तरी कसं? कुणी बघायला होतं का?

बघायला कुणी नव्हतं, पण घड्याळ चालू होतं. काही खडकांत झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक दाणे असतात. झिरकॉन तयार होताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला दारातूनच परत पाठवतो. पुढे त्या युरेनियमचं ठराविक गतीने शिसं होत जातं. आज दाण्यात जे शिसं सापडतं ते आतच जन्मलेलं असतं, म्हणून युरेनियम किती उरलं आणि शिसं किती झालं यावरून वय निघतं. यातली खुबी अशी, की युरेनियम दोन प्रकारचं असतं. एकाचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे ४४७ कोटी वर्षं, दुसऱ्याचं सुमारे ७० कोटी. म्हणजे एकाच दाण्यात वेगवेगळ्या गतीने चालणारी दोन घड्याळं. दोन्हींनी एकच वेळ दाखवली तर दोन्ही योगायोगाने सारखीच बिघडलीत असं म्हणायला फार धाडस लागतं. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सच्या एका दाण्याचं वय असं ४४० कोटी वर्षं निघालं.

पृथ्वीचं वय मात्र तिच्याबरोबरच घडलेल्या उल्कांवरून आलं. अमेरिकेच्या क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कांमधलं शिसं मोजून ४५५ कोटी वर्षं हा आकडा दिला. आज तो ४५४ कोटी धरतात. इतक्या वर्षांत फरक पडला एवढाच. मोजताना पॅटरसनच्या नमुन्यांत सारखं बाहेरचं शिसं मिसळत होतं. ते कुठून येतं हे शोधता शोधता त्यांना कळलं की पेट्रोलमधल्या शिशाने सगळी हवा भरली आहे, आणि पुढची कित्येक वर्षं ते त्या कंपन्यांशी लढले. भारतात शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं. पृथ्वीच्या वयाचा शोध आणि आपल्या नातवंडांच्या रक्तातलं शिसं कमी होणं, या एकाच माणसाच्या हातच्या गोष्टी आहेत.

पण कार्बन डेटिंग चुकतं ना? जिवंत गोगलगाय हजारो वर्षांची निघाली म्हणे.

कार्बनचं घड्याळ दगडांसाठी नाहीच. त्याचं अर्धायुष्य ५७३० वर्षं, पन्नास हजार वर्षांच्या पलीकडे मोजायला काही उरत नाही. हाड, लाकूड, कोळसा यांच्यासाठी ते ठीक. गोगलगाईचं म्हणाल तर चुनखडीच्या पाण्यात राहणारी गोगलगाय जुन्या दगडातला कार्बन खाऊन शंख बांधते, म्हणून शंख म्हातारा दिसतो. हे शास्त्रज्ञांनीच शोधून छापलं, आणि आपल्या प्रचारकांनी तिथूनच उचललं.

तसंच काल-परवाच्या लाव्ह्याचं वय लाखो वर्षं आलं, ही गोष्ट. फार जुन्या दगडांसाठीचं घड्याळ कोवळ्या दगडाला लावलं की असं होतं. ट्रक तोलायच्या धरमकाट्यावर पावशेर जिरं ठेवा. काटा काहीतरी दाखवेल, नाहीतर शून्य दाखवेल. त्यावरून ट्रकचं वजनही खोटं ठरत नाही.

नोहाच्या जलप्रलयात सगळे थर एका वर्षात साचले असतील, असं का नाही?

या प्रश्नासाठी पुस्तकापेक्षा आपला माळवा बरा. इंदूर लाव्ह्यावर वसलंय. पातालपाणीचा धबधबा ज्या काळ्या दगडावरून कोसळतो, राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांच्या जोत्याला जो दगड आहे, आणि ज्याची झीज होऊन सोयाबीन पिकवणारी काळी माती झाली, तो सगळा दख्खनचा बेसाल्ट. वय साधारण ६.६ कोटी वर्षं.

हा लाव्हा एका दमात आलेला नाही. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे गाडी बाजूला लावून बघा. काळ्या थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी, तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. मी मुलांना त्यावर बोट घासायला लावते, बोट गेरूसारखं लाल होतं. एक लाव्हा थंड झाला, ऊनपावसाने त्याची वरची बाजू कुजून माती झाली, मग पुढचा लाव्हा येऊन त्या मातीला भाजून गेला. पाण्याखाली ओतलेला लाव्हा उशांसारखा गोल गोल गोठतो, तो सगळा असा पसरत नाही. आणि खडकाची माती व्हायला लागतो निवांत वेळ, तोही उघड्या हवेत. सह्याद्रीकडच्या अशाच तांबड्या थरांतल्या झिरकॉनवरून या लाव्ह्याचं वय काढलं गेलंय.

आता धार जिल्ह्यात बाग-कुक्षीकडे चला, जिथे लाव्ह्याच्या खालचं उघडं पडलंय. सगळ्यात खाली समुद्र. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यात समुद्राचा फाटा शिरला होता, त्याचे चुनखडक आणि त्यात समुद्री साळू, शिंपले, शार्कचे दात. त्याच्या वर कोरड्या जमिनीचे थर, आणि त्यात डायनासोरची घरटी. दिल्लीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये याच भागातल्या ९२ घरट्यांमधल्या २५६ अंड्यांची नोंद छापली. एकेक अंडं १५ ते १७ सेंटिमीटरचं, नारळाएवढं, लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांचं. आणि या घरट्यांच्या वर आपला काळा लाव्हा.

प्रलयाने हे सगळं वर्षभरात रचलं म्हणायचं तर काय काय मानावं लागेल बघा. प्रलय ऐन भरात असताना पाणी ओसरलं, अजस्र जनावरं वाचून तिथे आली, जमीन उकरून शांतपणे अंडी घातली, अशी ९२ घरटी झाली, मग लाव्हा आला, थांबला, त्याची माती झाली, पुन्हा लाव्हा आला. एका पाहुण्या प्रचारकांनी मला अगदी हेच गांभीर्याने सांगितलं होतं. मी म्हटलं, "पाहुणे, इतका चमत्कार तर बायबलसुद्धा सांगत नाही." ते जेवायला थांबले नाहीत.

त्याच भागात शेताच्या बांधावरचे गोल दगड 'काकड भैरव' म्हणून पुजले जात होते. गावकरी शेंदूर-नारळ करत, गुरांचं रक्षण होतं म्हणत. त्यातले काही दगड डायनासोरची अंडी आहेत, असं २०२३ मध्ये पाहणीला आलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं. मला त्या गावकऱ्यांवर हसू येत नाही. हा दगड साधा नाही, एवढं त्यांनी ओळखलं होतं.

नोहाच्या कथेबद्दल एवढंच: हिब्रू 'एरेत्स' म्हणजे पृथ्वी आणि एरेत्स म्हणजे देश किंवा प्रदेशही. दोन नद्यांच्या खोऱ्यात सगळा मुलूख बुडवणारा पूर, असा अर्थ मला पुरतो.

देवाने जग जुनं दिसेल असंच घडवलं असेल तर?

हे खोडता येत नाही, आणि तीच त्यातली खोट. राजवाड्याचं उदाहरण घेते. मागचा भाग १९८४ च्या आगीत जळला आणि पुढे जुन्या पद्धतीने पुन्हा बांधला. नवा असून जुना दिसतो, त्यात फसवणूक नाही. पण समजा बांधणाऱ्याने भिंतीत खोटी काजळी भरली, न झालेल्या लग्नांचे हिशोबाचे कागद कोनाड्यात ठेवले, कधी न जन्मलेल्या माणसांची हाडं जमिनीत पुरली, तर त्याला कारागीर म्हणाल का?

१९८७ च्या फेब्रुवारीत दक्षिणेकडच्या आकाशात एक तारा फुटताना दिसला. त्याचा उजेड सुमारे १ लाख ६८ हजार वर्षं प्रवास करून आला होता. जग सहा हजार वर्षांचं असेल तर तो तारा कधी फुटलाच नाही, देवाने स्फोटाचं नुसतं चित्र वाटेत सोडून दिलं. तीताच्या पत्रात देव खोटं बोलत नाही असं लिहिलंय. मी त्या ओळीला धरून आहे.

विज्ञान तर रोज बदलतं. त्यावर विश्वास का ठेवायचा?

भीमबेटकाचं उदाहरण ताजं आहे. तिथल्या एका गुहेच्या छताजवळ ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या प्राण्याचा ठसा सापडल्याचं २०२१ च्या सुमारास जाहीर झालं. सगळीकडे बातम्या आल्या, मीही वर्गात कात्रण लावलं. दुसऱ्या संशोधकांनी जाऊन नीट पाहिलं तर ते आग्या मोहोळाचं वाळून गळत चाललेलं पोळं निघालं. २०२३ मध्ये तसं छापून आलं आणि मूळ दावा करणाऱ्या शास्त्रज्ञाने चूक मान्य केली. कात्रण मी काढलं नाही, शेजारी दुसरं लावलं. अशी कबुली आपल्या किती व्यासपीठांवरून ऐकलीत?

आणि काय बदललं तेही बघा. त्या पोळ्यापायी विंध्यच्या खडकांचं वय ५५ कोटी की १०० कोटींहून जास्त, हा वाद होता. सहा हजार कुणीच म्हणत नव्हतं.

आदाम-हव्वेचं काय? आणि पापाआधी मरण होतं का?

दगडांपेक्षा हा प्रश्न जड आहे, आणि इथे मी सावकाश बोलते. मोरोक्कोत सापडलेले आपल्या जातीचे सर्वांत जुने अवशेष सुमारे ३ लाख वर्षांचे आहेत, आणि आजच्या माणसांमधली जनुकीय विविधता पाहता आपली संख्या कधी फक्त दोनवर आली होती असं दिसत नाही. काही श्रद्धावान अभ्यासक आदामाला अनेकांमधून निवडलेला प्रतिनिधी मानतात, काही त्याच्यात सगळ्या मानवजातीची गोष्ट वाचतात. हिब्रूत 'आदाम' म्हणजे माणूस आणि 'आदामा' म्हणजे माती. मला दुसरं वाचन जवळचं वाटतं, पण पौलाचं रोमकरांस पत्र उघडलं की पहिल्या बाजूचं वजन जाणवतं.

मरणाबद्दल मात्र मी ठाम आहे. रोम ५:१२ माणसांच्या मरणाबद्दल बोलतं. त्या घरट्यांतली जी अंडी उबलीच नाहीत, त्यांतला जीव माणूस यायच्या कोट्यवधी वर्षं आधी मेला. त्याचा दोष आदामावर घालायची गरज नाही.

चर्चचं म्हणणं काय आहे?

कुठलं चर्च, त्यावर. लाल चर्चच्या मंडळींना, म्हणजे कॅथलिकांना, फारशी अडचण नाही. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी उत्क्रांतीच्या अभ्यासाला दार उघडं ठेवलं आणि १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी ती निव्वळ तर्कापेक्षा जास्त असल्याचं म्हटलं. विश्व एका बिंदूतून पसरत आलं ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः बेल्जियमचे पाद्री होते. १९५१ मध्ये पोपनी त्या शोधात उत्पत्तीचा पुरावा पाहिला तेव्हा लमेत्रच अस्वस्थ झाले. माझं गणित उद्या चुकलं तर तुमचा देव चुकणार का, असा त्यांचा सूर होता. आम्हा प्रोटेस्टंटांत एकमत नाही. सहा हजार वर्षांचा आजचा आग्रह बराचसा १९६१ नंतर अमेरिकेतून पसरला. आमच्या आजी-आजोबांच्या पाळकांपेक्षा तो वयाने लहान आहे.

शेजारच्या काकू म्हणतात, आमच्या पुराणात बरोबर आकडा आहे.

ब्रह्मदेवाचा एक दिवस, एक कल्प, ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वी ४५४ कोटींची. आकडे शेजारी-शेजारी आले हे खरं, आणि इतक्या मोठ्या काळाची कल्पना करणाऱ्यांना माझा नमस्कार. पण तो युगांच्या गणितातून आलेला आकडा आहे, खडक मोजून आलेला नाही. विश्वाचं वय १३८० कोटी, तिथे तो जुळत नाही. ग्रंथातून शास्त्र काढायचा मोह त्यांनाही होतो आणि आम्हालाही. आम्ही दोघी यावर भांडत नाही, पोह्यांवरच्या मसाल्याचं, जिरावनचं, प्रमाण किती यावर भांडतो.

परीक्षेत काय लिहू?

४.५४ अब्ज वर्षं. पेपर तपासणाऱ्याला साक्ष द्यायची गरज नाही.

हे सगळं डोळ्यांनी बघायला कुठे जायचं?

पातालपाणी जवळ आहे, पण पावसाळ्यात पात्रात उतरू नका, पाणी अचानक वाढतं. मांडूला डायनासोरचं संग्रहालय आहे. बाग इंदूरहून दीडशे किलोमीटरच्या आसपास, पहाटे निघा, धारला चहा घ्या, आणि लेण्यांबरोबर आजूबाजूचे थरही वेळ काढून बघा. शिंपला किंवा अंड्याचं कवच दिसलं तर फोटो काढा, दगड जागेवर राहू द्या. गेल्या वेळी आमच्या गटातला एक सातवीतला मुलगा खिशात एक तुकडा घालून आला होता. घाटात मला सांगितलं, मी गाडी वळवायला लावली. ड्रायव्हर वैतागला. तुकडा होता तिथे ठेवून येईपर्यंत अंधार पडला आणि घरी पोचायला अकरा वाजले.